हौसाकाकूंचे जंत

लवळ्यात नवीन माणूस राहायला आला की लोक त्याचं आडनाव विचारतात, गाव विचारतात. हौसाकाकू विचारतात, "झोपंत दात खाता का?"

मलाही विचारलं होतं. टेकडीवरच्या कॉलेजात लायब्ररीची नोकरी लागली म्हणून मी त्यांच्या शेजारची खोली घेतली, तेव्हा बॅग अजून माझ्या हातात होती. मी म्हणालो, "झोपेतलं मला कसं कळणार?"

"म्हंजी खाताय. जंत हायेत, दुसरं काय?"

संध्याकाळी वावडिंगाचा काढा घेऊन बाई दारात हजर. त्यांची पाठ वळताच तो मी कुंडीत ओतला. कुंडीतला मोगरा पुढे कधी फुलला नाही.

काकूंची मेस आहे. घराच्या पडवीवर पत्रा टाकलाय, खाली लांब बाकडी, आणि बाकड्यांवर होस्टेलची पोरंपोरी. काकू पळी घेऊन दारातच उभ्या. आधी नखं दाखवायची, मग साबण, मग ताट. बँकेत पेन बांधून ठेवतात तसं चौकटीला नेलकटर बांधलेलं. कायदा शिकणारी एक मुलगी एकदा म्हणाली, "नखं हा माझा खाजगी प्रश्न आहे." काकू म्हणाल्या, "वकीलीनबाई, आदी नखं काप, मग कायदा सांग." कापली बिचारीनं. भूक लागली होती.

कुणाचं पोट परीक्षेनं दुखो, पाणीपुरीनं दुखो, निदान ठरलेलं. लातूरच्या एका पोराचं प्रेम मोडलं, त्यानं जेवण सोडलं. काकूंनी त्याचा हात धरून काढा पाजला. "पोरगी गेली ती गेली, जंत तरी जाऊ देत!" मला संताप यायचा. अहो बाई, जगात दुसरा आजारच नाही का? पण काकूंशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, दगडाला काही होत नाही.

आणि यंदा काकूंचंच पोट दुखायला लागलं.

भाकरी थापता थापता त्या ओट्याच्या कडेला पोट दाबून धरायच्या. चेहरा पांढराफटक, चार पायऱ्या चढल्या की धाप. आधी म्हणाल्या गॅस. मग म्हणाल्या बेंबी सरकली. खालच्या आळीतल्या म्हातारीनं पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला आणि बेंबी जाग्यावर आणली. दुखणं मात्र होतं तिथंच राहिलं.

न राहवून मी म्हणालो, "काकू, रागावू नका, पण जंत तर नसतील?"

पळी वर गेली. "जिभंला हाड हाय का न्हाई, लायब्रीवाले? माज्या पोटात जंत? ह्या हातचं आख्खं होस्टेल जेवतंय!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाकेच्या अंतरावर काचेचं नवं कॅफे उघडलं होतं. मेसवालीच्या पोटात जंत, ही बातमी संध्याकाळपर्यंत साऱ्या होस्टेलांच्या फोनवर गेली असती आणि दुसऱ्या दिवशी बाकडी रिकामी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दिरांनी जमीन विकून टाकलेली. बाईकडे होती ती मेस आणि ओढ्याकाठचा भाजीचा एक तुकडा. दुखणं त्यांना परवडत होतं, निदान परवडत नव्हतं.

एका दुपारी भाताचं पातेलं उतरवताना त्या मटकन खाली बसल्या. मी रिक्षा बोलावली आणि सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांना धड बसवत नव्हतं, तरी मला दम, "चक्कर आली म्हनायचं. पोटाचं नाव काढायचं न्हाई."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त घेतलं आणि शौचाच्या तपासणीची डबी दिली. त्या डबीवरून जे रामायण झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. डबी शेवटी गेली, रिपोर्ट आला. जंत. आतड्याला आकड्यासारखे चिकटून रक्त पिणारे.

"अनवाणी चालता का, काकू?"

"मळ्यात पायतान कोन घालतं? वाफ्यात लक्षुमी आस्ती."

"हे जंत मातीतून येतात. तळपायाच्या कातडीतून आत शिरतात."

काकू आपल्या पायांकडे बघत राहिल्या. जन्मभर तोंडाशी पहारा दिला आणि चोर पायाकडून आत आला. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते गिळलं.

"म्हंजी सैपाकातनं न्हाई?"

"नाही. तुमच्या हातचं जेवून हे कुणाला होत नाहीत."

माझा जीव भांड्यात पडला. आता गोळी घ्यायची, गप्प बसायचं, मेस चालू. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्या मळ्यात तुमच्याबरोबर अजून कोणी अनवाणी येतं? घरचं कोणी? त्यांनाही गोळी द्यायला हवी."

मी हळूच काकूंच्या कोपराला हात लावला. 'नाही' म्हटलं की संपलं. काकूंनी माझा हात झटकला.

"येत्यात की. ऐतवारी भाजी खुडाया समदी येत्यात. चपला मीच बांदावर काढाया लावते." मग त्या नावं घ्यायला लागल्या. लातूरचा अक्षय, ती वकीलीण, नगरच्या जुळ्या, जेवताना फोन बघतो तो बिहारचा पोरगा. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"ही सगळी तुमची कोण?"

"घरचीच," काकू म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी कळवळून म्हणालो, "काकू, सगळ्यांना कळेल हो. मेस बसेल."

"कळू दे की. मी काय कुनाची चोरी केली? माज्या पायानं आले, माज्याच तोंडानं सांगनार."

दवाखान्याच्या सिस्टर गोळ्या घेऊन मेसमध्ये यायच्या होत्या, त्या दिवशी काकूंनी ताटं वाढली आणि पळी आपटली. "ऐका रं. माज्या पोटात जंत निगाले. मळ्यातल्या मातीतनं. तुमच्या चपला मी काढाया लावल्या, तवा तुमी बी गोळी खायाची. सैपाकात काय बी न्हाई. तरी ज्याला हितं जेवायचं न्हाई त्यानं खुशाल उठावं, मी आडवनार न्हाई."

पडवीत कुणी घास उचलेना. मागच्या बाकावरचे दोघे उठले आणि खाली मान घालून कॅफेकडे निघून गेले. काकू तशाच ताठ उभ्या. मग लातूरच्या अक्षयनं हात पुढे केला, "द्या सिस्टर, काढ्यापेक्षा वाईट नसेल." पोरं हसली. एकेक करत सगळ्यांनी गोळ्या चावल्या, तोंडं वाकडी केली आणि आमटी मागितली.

सिस्टरनी शेवटची गोळी काकूंच्या हातावर ठेवली. काकूंनी ती मुठीत धरली. पोरं जेवून गेली, बाकडी पुसून झाली, तरी मूठ तशीच.

"घ्या की आता," मी म्हणालो.

"घरातल्या समद्यांचं झाल्याबिगर मी कदी घास घेतलाय का?" काकू म्हणाल्या. "आजून दोगं राह्यलेत." आणि त्या दाराशी जाऊन कॅफेच्या रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.