सार्जंटसाहेबांचं जपानी जेवण

सुहासिनी नाशिकला गेल्यावर मी केलेली पहिली मोठी चूक म्हणजे, एका संध्याकाळी मी कुकरला डाळ तिघांची लावली.

ऑगस्टात इराकनं कुवेत गिळलं आणि आमच्या कंपनीनं बायकामुलांना मायदेशी पाठवायला सुरुवात केली. सुहासिनी आणि आमचा हर्षवर्धन यांना सौदीतल्या धाहरानच्या विमानतळावर निरोप देऊन मी अल-खोबरच्या फ्लॅटवर परतलो, बूट न काढता सोफ्यावर बसलो आणि पाय टीपॉयवर ठेवले. (हे करायची माझी लग्नापासूनची इच्छा होती.) आठवडाभर बरं वाटलं. मग लक्षात आलं की 'पाय खाली घ्या' म्हणणारं कुणी नसेल, तर टीपॉयवर पाय ठेवण्यात काही म्हणजे काही मजा नाही. पाय आपोआप खाली आले.

तर डाळ. हात सवयीनं तीन मुठी घेऊन मोकळा झाला आणि भलंमोठं पातेलं भरून वरण झालं. फेकवेना. डबा भरला आणि वरच्या मजल्यावरच्या नाकागावांकडे घेऊन गेलो.

हे नाकागावा जुबैलला एका जपानी कंत्राटदाराकडे इंजिनीयर. आम्ही रोज एकाच बसनं जायचो, पण 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गाडी कधी गेली नव्हती. दार उघडलं तेव्हा त्यांच्या मागे एकच दिवा चालू होता आणि टेबलावर गरम पाणी ओतलेला नूडल्सचा कागदी पेला होता. ते त्यांचं जेवण! त्यांनी माझा डबा दोन्ही हातांनी घेतला आणि इतके वाकले की मला वाटलं, काहीतरी खाली पडलं असावं. मीही शोधायला वाकलो.

दुसऱ्या दिवशी डबा लखलखीत होऊन परत आला. आत चार संत्री. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे त्यांच्या ओसाकातही पाळतात म्हणे! आता संत्री आली म्हटल्यावर मला डबा पुन्हा भरून देणं आलं, मग त्यातून बिस्किटं आली. शेवटी डबा जिने चढून-उतरून दमला आणि आम्ही एकत्रच जेवायला लागलो. मी बोलायचो, ते मान हलवायचे. त्यांची बायको ओसाकाला होती आणि एकुलती मुलगी युको अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका गावात हायस्कूलला गेली होती. एक्स्चेंज स्टुडंट म्हणून, वर्षभरासाठी. एका घरातली तीन माणसं, तीन देशांत. आमची निदान दोनच देशांत होती, म्हणून मी स्वतःला सुखी समजायचो.

डिसेंबर संपता संपता नाकागावा एका गुरुवारी माझ्याकडे आले ते टाय लावून. मी घाबरलो.

"गोगटेसान," ते म्हणाले, "युकोचा फोन आला होता. फार कठीण प्रसंग आहे."

"तब्येत बरी आहे ना पोरीची?"

"तब्येत उत्तम. पण ती 'यस' म्हणाली."

हळूहळू उलगडा झाला तो असा. युको गेली तेव्हा तिचं इंग्रजी बेताचं होतं आणि समोरच्याला नाही म्हणणं त्यांच्याकडे उद्धटपणाचं. त्यामुळे पहिले दोन महिने ती सगळ्याच प्रश्नांना 'यस' म्हणत सुटली. तुला घोडे आवडतात? यस. तू कुस्तीच्या टीमची व्यवस्था बघशील? यस. (पोरगी त्यापायी पैलवानांचे टॉवेल धूत बसली.) आणि ज्या घरात ती राहत होती, तिथल्या व्हीलरबाईंनी विचारलं, तुझे वडील स्वयंपाक छान करतात का? यस!

आता त्या घरचे व्हीलरसाहेब. गावात त्यांचं टायरचं दुकान. पण राखीव फौजेत नाव असल्यामुळे युद्धाचं वारं सुटताच बोलावणं आलं आणि महिन्याभरापूर्वी ते कुठे येऊन पडले म्हणता? आमच्या धाहरानला! तंबूत, पाकिटातलं जेवण खात. व्हीलरबाईंनी युकोला विचारलं, "तुझे बाबा तिथेच आहेत ना? माझ्या नवऱ्याला एकदा घरचं जपानी जेवण घालतील का?"

"आणि ती यस म्हणाली," मी म्हणालो.

नाकागावांनी मान खाली घातली. "ती शाळेत एकटी जेवते, गोगटेसान. पत्रात लिहीत नाही, पण मला कळतं. त्या घराशिवाय तिला तिथे कुणी नाही. मी नूडल्सचा पेला पुढे ठेवला, तर माझी मुलगी त्या घरात खोटी ठरेल. आणि ज्या माणसाच्या छपराखाली ती राहते, त्याला मी एकदा नीट जेवूही घालू शकलो नाही, असं होईल."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "हात्तिच्या! जेवण मी करतो. तुम्ही फक्त वाढा."

"पण जेवण जपानी हवं."

"कॅन्ससच्या टायरवाल्याला काय कळतंय?"

नाकागावांना खोटं बोलायचं नव्हतं. बराच वेळ त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा होता. मग ते म्हणाले, "मी 'हे जपानी आहे' असं म्हणणार नाही. मी काहीच म्हणणार नाही."

"तुम्ही एरवी तरी कुठे काय म्हणता?" मी म्हणालो.

जानेवारीतला पहिला शुक्रवार ठरला. जेवण नाकागावांच्या फ्लॅटवर. खाली जमालुद्दीनचं किराण्याचं दुकान होतं, जमालुद्दीन रत्नागिरीचा. त्याला विचारलं, जपानी लोक काय खातात रे?

"कच्चा मासा," तो म्हणाला. "देऊ? पापलेट ताजा हाय."

"मी शाकाहारी आहे, जमालुद्दीन."

"मग जपानी कसे होनार तुम्ही?"

मी हिंमत सोडली नाही. भात त्यांचाही आणि आपलाही, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच होती. वरणात हळद घातली नाही, रंग परदेशी दिसावा म्हणून. वाटीनं भाताच्या मुदी पाडल्या. त्या इतक्या सुबक झाल्या की नाकागावांचेही डोळे पाणावले. बटाट्याच्या काचऱ्या केल्या आणि त्यांच्या जेवायच्या काड्यांनी उचलता याव्यात म्हणून लांबट चिरल्या. शेवटी दहीभात. आणि दहीभाताबरोबर सुहासिनीनं जाताना बरणीत भरून ठेवलेल्या सांडगी मिरच्या. ताकात भिजवून, मसाला भरून वाळवलेल्या. सणासुदीलाच काढायच्या, असं बजावून गेली होती. पण हा सणच की!

एक गोष्ट सांगायची राहिली. गॅसहल्ल्याची आवई तेव्हा जोरात होती. खिडक्यांना प्लॅस्टिक लावा, फटींवर चिकटपट्टी मारा, असं कंपनीचं पत्रक आलं होतं. पत्रकात एक खोली म्हटलं होतं. मी माझा सगळा फ्लॅट बंद केला. रिकाम्या घरात संध्याकाळ ढकलायला चिकटपट्टी लावण्याइतकं उत्तम काम नाही. माझं घर संपलं, तेव्हा मी वर जाऊन नाकागावांचंही करून दिलं. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनसकट. मुंगी शिरायची नाही असं काम!

सार्जंट व्हीलर आले. दारात मावेनात एवढा माणूस, पण बूट काढताना पायमोज्याला पडलेलं भोक लपवण्यासाठी पोरासारखा अंगठा दुमडत होता. कमरेला पिशवीत गॅसमास्क. तो सोबत ठेवायचा हुकूमच होता त्यांना. हातात भेट म्हणून पीनट बटरची बरणी. नाकागावा वाकले. सार्जंटही वाकले. दोघांची डोकी आपटली.

मी आत-बाहेर करत होतो आणि जाता-येता बोलत होतो. खूप बोललो. नाशिकचं हवामान, आमच्या प्लँटमधले पंप, हर्षवर्धनचं गणित, सुहासिनीचा स्वभाव. पाच महिन्यांनी घरात बाहेरचा माणूस आला होता, तोंड थांबेचना. नाकागावा ठरल्याप्रमाणे काहीच म्हणत नव्हते. सार्जंटसाहेबांनी मुदीला काडी लावली आणि म्हणाले, "युको म्हणाली ते खरं आहे. तुम्ही फार छान..."

नाकागावा घामाघूम झाले. ते आता खरं सांगून टाकणार, हे मला दिसलं. विषय बदलायला हवा होता. मी आत धावलो, तेल कडकडीत तापवलं आणि मूठभर सांडगी मिरच्या एकदम आत सोडल्या.

मराठी घरात मिरच्या तळताना खिडक्या सताड उघडतात, पोरांना अंगणात हाकलतात आणि आजूबाजूचे आपापली दारं लावून घेतात, हे मला ठाऊक होतं. पण या घराला मी खिडकीच ठेवली नव्हती. पहिला धूर कढईतून उठला, छताला लागला, फॅनकडे गेला, माझी चिकटपट्टी बघून मागे फिरला आणि सरळ बैठकीच्या खोलीत शिरला. मला ठसका लागला. नाकागावांना लागला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, घशात आग, तोंडातून शब्द फुटेना.

"गॅस! गॅस! गॅस!" बाहेरून गर्जना आली.

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचलो तेव्हा सार्जंटसाहेबांच्या तोंडावर मास्क चढलेला होता. काय ती चपळाई! मी 'मिरची, मिरची' असं ओरडायचा प्रयत्न करत होतो, पण घशातून नुसती शिट्टी येत होती. तेवढ्यात त्यांचं लक्ष नाकागावांकडे गेलं. ते टेबलाला धरून खोकत होते, चेहरा लालभडक. आणि त्या माणसानं आपल्या तोंडावरचा मास्क ओढून काढला, नाकागावांच्या तोंडावर बसवला, पट्टे आवळले आणि स्वतः उघड्या तोंडानं खोकत त्यांना खांद्यावर टाकून जिन्याकडे धावला.

"युकोला काय तोंड दाखवू मी?" असं तो इंग्रजीत ओरडत होता. "त्या पोरीला काय सांगू?"

मी पुष्कळ लोकांचं पुष्कळ शौर्य ऐकलं आहे, पण डोळ्यांनी पाहिलं ते हे एकच.

त्यांच्या आरोळीनं सगळी इमारत रिकामी झाली. लोक ओले टॉवेल तोंडाला लावून रस्त्यावर. कुणी नमाज पढतंय, कुणी पासपोर्ट शोधतंय. सर्वांत शेवटी मी उतरलो, हातात झारा घेऊन. झाऱ्यात एक मिरची.

मोकळ्या हवेत मला कंठ फुटला. "गॅस नाही," मी म्हणालो. "हे... जेवणातलं आहे."

जमालुद्दीननं आधी झाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गोगटेभाऊ," तो म्हणाला, "मी मरायच्या आधी उधारीवाल्यांना माफ करून बसलो ना!"

सार्जंटसाहेब फुटपाथवर बसले होते. मला वाटलं, आता हा मला उचलून आपटणार. ते हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता पुन्हा हसले, आणि शेवटी ते हसतायत की रडतायत हे कळेना. मास्क लावलेले नाकागावा त्यांच्या शेजारी ताठ बसून होते. मास्कमधून त्यांचा आवाज आला, "मिस्टर व्हीलर, जेवण मी केलेलं नाही. मला स्वयंपाक येत नाही. युकोचं चुकलं नाही. तिला नाही म्हणता येत नाही, ते मी शिकवलं आहे."

"आता येतं तिला," सार्जंटसाहेब म्हणाले. "नोव्हेंबरात शिकली. कुस्तीच्या मास्तरांना म्हणाली, टॉवेल धुणार नाही. आम्ही त्या रात्री केक आणला." मग जरा थांबून म्हणाले, "आधी ती गॅरेजमध्ये जाऊन रडायची. टायरांच्या मागे. मी काही बोलायचो नाही, फक्त तिथेच काहीतरी दुरुस्त करत बसायचो. हळूहळू ती पाने-स्क्रूड्रायव्हर हातात द्यायला लागली. आता इकडे तंबूत रात्री मीच..."

नाकागावांनी मास्क काढला नाही. त्याच्या काचा आतून धूसर झाल्या होत्या.

मग आम्ही वर गेलो, मी लावलेली सगळी चिकटपट्टी तिघांनी मिळून फाडली, समुद्राचा गार वारा आत घेतला आणि दहीभात खाल्ला. सार्जंटसाहेबांनी सहा मिरच्या खाल्ल्या. त्या रात्री तिथे कुणीच एकटं नव्हतं, आणि हे मला सार्जंटसाहेब गेल्यावर, खाली येऊन माझ्या घराचं कुलूप उघडताना कळलं.

पुढे युद्ध झालं, संपलं, सार्जंटसाहेब सुखरूप कॅन्ससला पोचले. मार्चमध्ये एका शुक्रवारी नाकागावा खाली आले. पुन्हा टाय!

"युकोचा फोन होता," ते म्हणाले. "मिस्टर व्हीलर गावभर सांगत आहेत की, युकोचे वडील फार थोर माणूस आहेत. त्यांनी पाहुण्यासाठी खास एक भारतीय कुक ठेवला होता."

"कुक?" मी म्हणालो. मी, बी.ई. मेकॅनिकल!

"कुक मनानं चांगला आहे, असंही म्हणाले." नाकागावा नेहमीपेक्षा खोल वाकले. "फक्त फार बोलतो, म्हणाले. मला क्षमा करा, गोगटेसान."

कुक म्हटल्याचं मला वाईट वाटलं नाही. पण फार बोलतो? मी तिरीमिरीत नाशिकला फोन लावला. बऱ्याच खटपटीनं लागला. सुहासिनीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती हसली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा तिला असं हसताना ऐकलं. कान रिसीव्हरला घट्ट दाबून धरला.

"त्या माणसाला एका जेवणात कळलं?" ती म्हणाली. "मला लग्नानंतर वर्ष लागलं होतं."

हे मात्र मला लागलं. मी तिला शांतपणे, मुद्देसूद समजावलं की मी मुळात मितभाषी माणूस आहे. शाळेतली उदाहरणं दिली. ऑफिसमधली दिली. घरात बोलायला कुणी नसलं की माणसाचं काय होतं, ते सांगितलं. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर खिडकीत दिवा नसला की कसं वाटतं, तेही सांगितलं. एरवी ते मी कधी बोललो नसतो. तुम्ही दोघं लवकर या, असं म्हणालो. मग थांबलो आणि तिच्या उत्तराची वाट पाहिली.

"सुहास?" मी म्हणालो. "हॅलो?"

लाइन कधीच तुटली होती. नेमक्या कुठल्या वाक्यापासून मी एकटाच बोलत होतो, ते मला आजतागायत कळलेलं नाही.