कदममामांच्या पुंगळ्या

आमच्याकडे चिंचगुळाची आमटी झाली की कदममामा हटकून वाटी घेऊन दारात उभे. आमटीसाठी नव्हे. आमटी तुमची तुम्ही खा म्हणायचे. त्यांना हवा असायचा चिंच कोळून उरलेला चोथा.

"मामा, मग मी देवाची भांडी कशानं घासू?" आमची मंडळी विचारायची.

"देवाला काळं चालतं, सूनबाई. काडतुसाला नाही चालत."

 मग ती चोथा वाटीत घालायची आणि आमच्या देव्हाऱ्यातली घंटा काळीच राहायची.

कदममामा जयेंद्रगंजात आमच्या शेजारी दोन खोल्यांत एकटे राहत. वाडवडील दख्खनेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले आणि इकडचेच झाले. मामांनी स्वतः मात्र उभ्या जन्मात बंदुकीचा घोडा ओढला नाही. संस्थानच्या शिकारखान्यात त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं: शिकारीत उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, पुन्हा भरायच्या आधी साफ करायच्या. मग संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला आणि मामा पेन्शन घेऊन घरी बसले. बसले म्हणजे पुंगळ्या घेऊनच बसले. त्यांचे जुने अंमलदार भाऊसाहेब गोरखीच्या जुन्या वाड्याजवळ राहत. त्यांची जहागीर गेली होती, पण शौक गेला नव्हता. ते रविवारी तितरं मारायला जायचे, आणि गुरुवारी मामा त्यांच्याकडून काळ्या पुंगळ्यांची पिशवी घेऊन यायचे. आधीच्या गुरुवारच्या साफ झालेल्या परत द्यायचे. त्यात बारूद आणि छर्रे भरायचं काम साहेब स्वतःच करतात, असं मामा अभिमानानं सांगत.

साफ करायची मामांची रीत ठरलेली. आधी रिठ्याचं पाणी. मग बांबूच्या कामटीला चिंधी गुंडाळून आतून घासायचं. मग कोमट पाण्यात चिंचेचा चोथा आणि त्यात पुंगळ्या. या वेळी मामांशी बोलायची सोय नव्हती. चिंचेत जास्त वेळ राहिलं की पितळ गुलाबी पडतं, आणि गुलाबी पडलेली पुंगळी त्यांच्या लेखी मेलेली. दिसायला देखणी, पण बार काढला की फाटायची. पुढे तीनदा स्वच्छ पाणी आणि खाटेवर दोन दिवस ऊन. एकदा श्रावणात ऊन पडेना, तेव्हा मंडळींनी भाबडेपणानं विचारलं, "मामा, तवा तापवून देऊ का?"

"तव्यावर पितळ मऊ पडून जाईल. पुंगळी आहे, सूनबाई, पापड नाही." आणि मग दोन दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत.

शेवटी एकेक पुंगळी फरशीवर हलकेच ठोकून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी चीर गेली समजायचं.

माणसांनाही ते हाच न्याय लावत. आमच्या कचेरीत नवे साहेब आले होते. कडक इस्त्री, केसांना सुगंधी तेल, बोलणं तर साखरेत घोळलेलं. मामांनी त्यांना रस्त्यात एकदाच पाहिलं आणि मला म्हणाले, "हे गुलाबी पडून राहिलेत, बाबूसाहेब. दूर बसा." चार महिन्यांत साहेबांनी सगळ्या कारकुनांसमोर असा काही आरडाओरडा केला की त्यांना दीर्घ रजेवर जावं लागलं. मग मी धीर करून माझ्याबद्दल विचारलं. मामांनी मला खालून वर न्याहाळलं. "तुम्ही अजून दोन-तीनदा भरता येण्यासारखे आहात," म्हणाले. तेव्हा नव्या राज्यात कोणाची खुर्ची राहते आणि कोणाची जाते याची आम्हा सगळ्यांना धास्ती होती. खोटं कशाला सांगू, मला त्यांच्या बोलण्यानं फार बरं वाटलं.

अशातच मामांना इंदूरहून पत्र आलं. नव्या सरकारच्या शस्त्रागारात जाणता माणूस हवा होता. पगार बरा, राहायला खोली. मुख्य म्हणजे मामांची एकुलती एक लेक इंदूरलाच दिलेली. तिचा मुलगा तीन वर्षांचा झाला होता आणि आजोबांनी त्याला एकदाच पाहिलं होतं. शनिवारच्या आत उत्तर टाकायचं होतं. लेकीनं मला वेगळं पत्र लिहिलं, "दादा, काहीही करून बाबांना पाठवा. आई गेल्यापासून जेवतात की नाही, देव जाणे."

मी कागद-दौत घेऊन मामांकडे गेलो.

"नाही जमणार," मामा म्हणाले. "गुरुवारचं काम आहे ना."

"अहो, आठवड्याच्या पंचवीस पुंगळ्या! त्यासाठी नातवाला सोडता?"

"साहेबांच्या पुंगळ्या दुसरा कोण साफ करेल?"

माझं डोकंच फिरलं. एका म्हाताऱ्याच्या तितरांपायी दुसऱ्या म्हाताऱ्यानं नातवाला मुकायचं, हा कुठला न्याय? बुधवारी दुपारी कचेरीतून निघालो तो भाऊसाहेबांना चार शब्द सुनावायचे ठरवूनच.

त्यांचं दार उघडं होतं. भाऊसाहेब ओसरीवर बसले होते आणि भर दुपारी त्यांच्यापुढे रॉकेलची चिमणी जळत होती. एक लखलखीत पुंगळी चिमट्यात धरून ते ज्योतीवर फिरवत होते. काळी झाली की पिशवीत टाकायची आणि चाचपडत दुसरी उचलायची. मी चार हातांवर उभा होतो, तरी त्यांना दिसलो नाही.

"कोण आहे?" चाहूल लागल्यावर त्यांनी विचारलं. मी कदममामांचा शेजारी म्हणून सांगितलं. त्यांनी घाईघाईनं चिमणी फुंकली.

"भाऊसाहेब, बंदूक कुठे आहे?"

"देऊन टाकली, दोन वर्षं झाली. डोळे गेले, आता बंदूक काय करायची?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "कदमला बोलू नका. त्याचा शिकारखाना गेला, बायको गेली. हाताला काम नसेल तर खचून जाईल तो. पुंगळ्या काळ्या करायचं काही नाही हो. पण दर गुरुवारी त्याला नवी शिकार सांगावी लागते, ती आताशा सुचत नाही."

मी चार शब्द सुनावायला गेलो होतो, ते तसेच घेऊन परत फिरलो. वाटेत मात्र ठरवलं की मामांना खरं काय ते सांगून टाकायचं. वाईट वाटेल त्यांना, पण निदान इंदूरला जायला मोकळे होतील.

मामा खाटेवरच्या पुंगळ्या गोळा करत होते.

"मामा, एक सांगायचंय. भाऊसाहेबांच्या या पुंगळ्या..."

"रॉकेलची काजळी आहे," मामा म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बार उडाला की पुंगळी आतून काळी पडते, बाबूसाहेब. ह्या बाहेरून काळ्या येतात. आतून मी दिल्या तशाच लख्ख. तीस वर्षं दुसरं काय केलं मी? पहिल्याच गुरुवारी समजून गेलो."

"आणि तरी दोन वर्षं घासताय?"

"जहागीर होती तेव्हा त्यांच्या दारात पाय ठेवायला जागा नसायची. आता कुत्रं फिरकत नाही. मी पिशवी घेऊन जातो तर दोन घंटे बसवून घेतात, शिकारीची गोष्ट सांगतात. मागच्या गुरुवारी तर तेच तितर दुसऱ्यांदा मारलं. मी म्हटलं, वा साहेब." मामा हसले. मग हसू ओसरलं. "मी गेलो तर ते कोणाला सांगतील?"

"आणि नातू?"

मामा हातातली पुंगळी बराच वेळ पुसत राहिले. "फार आठवण येते त्याची," ते म्हणाले. "पण त्याच्याजवळ आईबाप आहेत."

 भाऊसाहेब त्यांच्याबद्दल काय म्हणाले, ते मी मनातच ठेवलं.

शुक्रवारी आम्ही उत्तर लिहायला बसलो. नोकरी नको म्हणायचं तर सरकारला कारण द्यायला हवं. मी म्हटलं, "प्रकृती बरी नसते, असं लिहू?"

"माझ्या प्रकृतीला काय धाड भरलीय?" मामा चिडले. मग जरा विचार करून म्हणाले, "लिहा, हातात काम फार आहे. फुरसत नाही."

मी तसंच लिहिलं.