मुळ्यांच्या बोलीची सवत

मुळे तिचं नाव घेत नसत. ‘ती’ म्हणत. “ती आल्ती का काल?” “तिनं किती जागा खाल्ली?” कारखान्यात नवा आलेला माणूस यात घरगुती भानगड शोधे. ती म्हणजे लुआ, संगणकाची एक छोटी भाषा, हे कळल्यावर त्याची निराशा होई.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये मोसंबीच्या बागांना ठिबकचं पाणी वेळेवर सोडणारी पेटी बनत असे. पेटीतली ऑपरेटिंग सिस्टीम मुळ्यांनी स्वतः लिहिली होती. घड्याळ सांभाळायचं, व्हॉल्व उघडायचा, बंद करायचा. बाकी काही येत नसे तिला. वर्तमानपत्रातली उपसंपादकी सोडून मी त्या पेटीची माहितीपुस्तिका लिहायला तिथे लागलो होतो.

पेटीत जागा थोडी, त्यामुळे मुळे प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारत, “खर्चा किती?” हा खर्चा मेमरीचा. पण तो प्रश्न त्यांनी लग्नपत्रिकेलाही विचारलेला मी ऐकला आहे. नमस्काराऐवजी ते एक बोट वर करत. माझ्या पुस्तिकेतली विशेषणं त्यांनी पेन्सिलीने खोडली. ते जालन्यातल्याच मस्तगड भागात एका खोलीत एकटे राहत. खानावळीचा डबा येई, तो बऱ्याचदा तसाच परत जाई.

अडचण अशी होती, की शेतकऱ्याला पाण्याची पाळी बदलायची झाली तर मुळ्यांना सगळा प्रोग्राम पुन्हा लिहावा लागे. कारखान्याचे शेठ म्हणाले, “पेटीत एखादी सोपी भाषा बसवा. बागवाल्याचं बागवाला लिहील.” औरंगाबादहून आलेल्या शबाना नावाच्या तरुण इंजिनिअरने लुआ सुचवली.

मुळ्यांकडे भाषा तयारच होती. दोन वर्षं खपून केलेली. नाव ‘बोली’. पडद्यावर देवनागरी उमटत नसल्यामुळे इंग्रजी अक्षरांत लिहायची, पण शब्द इथलेच. उघड, थांब, मंग, न्हाई तर. काटकसर अशी, की चूक झाली तर पडद्यावर नुसतं प्रश्नचिन्ह येई. चैन एकच होती. दुपारी बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही, तर पडद्यावर उमटे, ‘जेवलात का?’

“सर, याचा उपयोग काय?” शबानाने विचारलं.

“राहू द्या.”

“खर्चा?”

“राहू द्या म्हणलं ना, मॅडम.”

दोन्ही भाषांना पुरेल एवढी जागा पेटीत नव्हती. शेठ हसून म्हणाले, “मुळेसाहेब, तुमच्या बोलीला सवत आली.” मुळे हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा लुआच्या कागदांवर ठेवलेला दिसू लागला. लुआ पेटीत पहिल्यांदा चालली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुळे पंख्याचं रेग्युलेटर तपासत होते. मग एकदा तेच तिचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून वाचताना सापडले.

“कुठं चुकते ते पाहून राह्यलो,” म्हणाले.

“सापडलं?”

“न्हाई.” हे त्यांनी फार दुखावल्या आवाजात सांगितलं.

शबाना समजूत घाली. “सर, ती लहान आहे. कुणाच्याही घरात बसते.”

“तेच तर. कुणाच्याही घरात बसते.”

मला मुळ्यांचा हेवा वाटे. मीही भाषेवरच पोट भरत होतो, पण भाषेवर असा जीव जडल्याचं मला आठवत नाही.

शेठनी निवाडा बागेवर सोपवला. अंबडजवळच्या एका बागेत दोन पेट्या नेल्या. एकीत बोली, दुसरीत लुआ. पाणी बघणारे शामराव मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्यांनी आधी बोलीची पेटी घेतली. मुळ्यांनी शब्द सांगितले, शामरावांनी ‘उघड १’ असं बरोबर लिहिलं. पाणी दुसऱ्या तुकड्यात गेलं.

“पहिला व्हॉल्व म्हणजे शून्य,” मुळे म्हणाले. “मशीन शून्यापासून मोजतं.”

“शून्य नंबरचा तुकडा कुणाच्या सातबाऱ्यावर असतोय, साहेब?”

“मशीनला तसंच कळतं.”

“मंग मशीनलाच खाऊ द्या मोसंबी.”

लुआ एकापासून मोजते. शामरावांनी एक लिहिला, पहिल्या तुकड्यात पाणी आलं. “ही बिलकुल आपल्यासारखी हाय,” ते म्हणाले.

शबाना हळूच म्हणाली, “सर, बोलीत एवढं बदलता येईल. अर्ध्या दिवसाचं काम.”

“येईल.” मुळे बोलीच्या पेटीकडे बघत होते. “दोन वर्षांत कुणी सांगितलं न्हाई.”

सांगणार कोण? त्या दोन वर्षांत मुळ्यांखेरीज ती भाषा कुणी बोललंच नव्हतं. तिकडे शामराव लुआच्या पेटीला तिसऱ्या तुकड्याची पाळी समजावून सांगत होते.

“जमलं त्यांचं,” मुळे म्हणाले, आणि वायर गुंडाळू लागले.

पेटीतून बोली त्यांनी स्वतःच काढून टाकली. कुणाला हात लावू दिला नाही.

लुआची पक्की पेटी बसवायला आम्ही पुन्हा त्या बागेत गेलो. काम आटोपेपर्यंत दुपार टळली. मुळ्यांचा डबा नेहमीप्रमाणे बंद होता. सगळे मोसंबीच्या सावलीला बसलो असताना पेटीचा पडदा उजळला. शामराव वाकून एकेक अक्षर लावत वाचू लागले, “जे… व… लात… का.”

शबानाने मुळ्यांकडे पाहिलं.

“तिला शिकवलं,” मुळे म्हणाले. “थोडा खर्चा आला.”

शामरावांना त्या प्रश्नाची भारी गंमत वाटली. ते पेटीलाच म्हणाले, “न्हाई बा अजून. तुमचं झालं का?”

पेटीला उत्तर देता येत नव्हतं. पडदा विझला.

“माझंबी न्हाई,” मुळे म्हणाले.

“मंग बसा की जल्दी,” म्हणत शामरावांनी फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्यापुढे धरली. मुळ्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.