सुटा कण आणि घडीची खुर्ची

"एकटा माणूसच जास्त काम करतो," हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचं, म्हणजे आमच्या प्लॅटिनमरावांचं ब्रह्मवाक्य. नुसतं तोंडचं नव्हे, प्रयोगशाळेत सिद्ध केलेलं!

प्लॅटिनम म्हणजे स्वतः न झिजता रसायनांची कामं भराभर उरकून देणारा धातू. पण महाग. शिवाय त्याच्या ढेकळात वरचे कण राबतात आणि आतले ऐतोबासारखे बसून राहतात. प्लॅटिनमरावांनी चिमूटभर प्लॅटिनम गॅलियममध्ये विरघळवलं. गॅलियम तळहातावर ठेवलं तरी लोण्यासारखं वितळतं. त्या पातळ धातूत प्रत्येक कण सुटा पोहतो आणि एकूण एक कामाला लागतो.

"ही गेल्यापासून मीही तसाच, ताई," ते थोरल्या बहिणीला फोनवर म्हणाले. "सुटा, कामसू, मजेत."

"मग उद्या येते तुझी मजा बघायला. दुपारच्या गाडीने परत."

फोन ठेवला आणि घर पुन्हा गप्प झालं.

त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेतला हीटर बिघडला. गॅलियम गोठताना फुगतं आणि काच फोडतं. म्हणून रावांनी त्याची बाटली अंगाच्या उबेला, कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून घरी आणली. वाटभर तिच्याशी बोललेही. दुसरं होतं कोण? घरात शिरल्यावर मात्र सवयीने कोट समोरच्या घडीच्या खुर्चीवर टाकला. त्या खुर्चीवर कित्येक वर्षं कोटाशिवाय कुणी बसलंच नव्हतं.

व्हायचं तेच झालं. थंडीत बाटली तडकली. सकाळी ताईसाठी शेगडी पेटवली, तशी चांदीसारखी धार खुर्चीभर ओघळली. रावांचा जीव प्लॅटिनममध्ये! थेंब न् थेंब टिपून त्यांनी कुपीत भरला, खुर्ची पुसून लख्ख केली. ती ॲल्युमिनियमची आहे, आणि गॅलियम ॲल्युमिनियमला आतून पोखरतं, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवणारा माणूस नेमका तेच विसरला.

ताई आली, टेकली, आणि खुर्चीचा भुगा झाला.

"बाळ्या, खुर्ची होती की बिस्किट?"

"ताई, हलू नकोस!"

"लागलं का, ते विचार आधी. खाली काय शोधतोयस?"

"थेंब," राव पुटपुटले.

ताईचा घोटा मुरगळला होता. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. आणि मंडळी, देवाची करणी बघा, त्या घरात आवाज आला. पहाटे देवाचं नाव, दिवसभर रावांचा उद्धार. राव प्रयोगशाळेतून लवकर घरी येऊ लागले. एकदा त्यांनी ताईला सुट्या कणाची महती पुन्हा ऐकवली.

"सुटा आहे रे," ताई म्हणाली, "पण एकटा कुठे आहे? चहूबाजूंनी तो पातळ धातू अंगाला लागून आहेच की. कोरडा काढून ठेव, मग बघू किती राबतो."

रावांनी खिशातली कुपी काढून उजेडात धरली.

शेवटी घोटा बरा झाला. डॉक्टरांनी ताईला काठी दिली आणि प्रवासाला मोकळीक. जायच्या दिवशी ताई जरा लवंडली होती. दाराशी तिची पिशवी, पिशवीला टेकलेली काठी. हलकी, चकचकीत, ॲल्युमिनियमची. रावांचा हात नकळत खिशातल्या कुपीकडे गेला. बूच अर्धं फिरवलं, पुन्हा घट्ट लावलं. मग कुपी कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "नवी खुर्ची कसली घेऊ?"

"लाकडी घे," ताई डोळे मिटूनच म्हणाली. "पुढच्या महिन्यात येते बसायला. आणि तोवर ती काठी इकडे माझ्या उशाशी आण."