अकरा फेरे, डावीकडे

माणसाने मरेपर्यंत शिकत राहावे, याबद्दल शिकवणाऱ्यांमध्ये कधीच दुमत नव्हते. पाणीपुरवठा विभागाने तर तसे परिपत्रकच काढले. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षाला शंभर अध्ययनगुण मिळवावेत, न मिळवल्यास त्याचे काम त्याच्याहून जास्त शिकलेल्याकडे द्यावे. (मृत कर्मचाऱ्यांना तीन महिन्यांची सवलत.)

वस्तीचे चावीवाले एकटेच होते; त्यांनी परिपत्रक दोनदा वाचले. एकतीस वर्षे रोज सकाळी सहाला रस्त्यातले झाकण उचलून, कमरेइतक्या उंच लोखंडी चावीने व्हॉल्व्ह उघडायचा आणि वस्तीला पाणी सोडायचे, एवढेच त्यांना येत होते. अकरा फेरे, डावीकडे. नवव्या फेऱ्याला अडतो, तिथे कंबर लावायची. या नवव्या फेऱ्याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

तरी ते हिरिरीने शिकले. ‘वेळेचे नियोजन’ हा वर्ग चाळीस दिवस लांबला, तोही त्यांनी पुरा केला. ‘ईमेलमधील नम्रता’ या विषयात पैकीच्या पैकी मिळाले. (त्यांना ईमेल नव्हता, सबब उद्धटपणाची एकही नोंद आढळली नाही.) वर्षअखेर शहाण्णव गुण झाले. राहिलेल्या चार गुणांसाठी एकच वर्ग शिल्लक होता: ‘व्हॉल्व्ह उघडण्याची मूलतत्त्वे’.

त्यासाठी विभागाने तज्ज्ञ शोधला. एकच सापडला, तो म्हणजे चावीवाले. प्रशिक्षणार्थीही एकच होता.

नियमाप्रमाणे वर्ग भरला. चावीवाल्यांनी खुर्चीत बसून हजेरी घेतली, उठून बाकावर गेले, "हजर" म्हणाले आणि परत खुर्चीत येऊन बसले. दारातून पाहणाऱ्या प्रशिक्षण कारकुनाने शेरा मारला: ‘विद्यार्थी उत्तर द्यायला वेळ लावतो.’

परीक्षेत प्रश्न आला: व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत व कोणत्या बाजूस उघडतो? चावीवाल्यांनी अकरा, डावीकडे असे लिहिले. मग खुर्चीत बसून मुख्यालयाची आदर्श उत्तरपत्रिका उघडली. तिच्यात होते: सात, उजवीकडे. लाल पेन त्यांनी एकदा खाली ठेवले. पण आजवर ओळखीपाळखीवर त्यांनी कुणाला दोन बादल्या पाणी जास्त सोडले नव्हते. मग स्वतःच्या ओळखीवर गुण कसे सोडणार? त्यांनी शून्य दिले आणि खाली सही केली.

चावी तीनशे चाळीस गुणवाल्या प्रशिक्षण कारकुनाकडे गेली. दुसऱ्या दिवशी त्याने बंद व्हॉल्व्ह उजवीकडे पिळला. तो एक फेराही हलला नाही, म्हणून सातही फेरे त्याने वहीत फिरवले. शंभर टक्के पुरवठा झाल्याची नोंद झाली. (नळांपर्यंत तो पोहोचला नाही, इतकेच.)

"अहो, घरात पाण्याचा थेंब नाही," चावीवाल्यांची बायको म्हणाली. "जाऊन उघडा की."

"मला अधिकार नाही. नापास झालोय मी."

"कुणी केलं नापास?"

"मीच."

"आणि परत परीक्षा?"

"शिकवायला माणूस नाही. नापास झालेल्यानं शिकवायचं नाही, असा नियम आहे."

बायकोने रिकामी कळशी त्यांच्यासमोर ठेवली. चावीवाल्यांना भरून आले. घरात तेवढेच पाणी आले.

वस्तीने तक्रारी केल्या. विभागाने तत्परतेने ‘कोरड्या नळाकडे पाहण्याची नवी दृष्टी’ हा वर्ग काढला. दोन हजार नागरिकांनी नावे घातली. लांबून पाणी वाहणाऱ्यांना ‘संघभावना’ या विषयाचे गुण परस्पर मिळाले. आता आठवा महिना चालू आहे आणि गुणांची सरासरी चढती आहे.

अकरा फेरे, डावीकडे, नवव्याला कंबर. हे आता आपल्यालाही येते. चावी विभागाच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असते आणि दाराला कडी नाही. पण आपण उठणार नाही, याची विभागाला खात्री आहे. इथवर वाचल्याबद्दल आपल्या नावावर दोन गुण जमा झाले आहेत, आणि प्रमाणपत्र कुठे मिळेल, हे विचारणाऱ्यांची रांग डावीकडे आहे.