फळीला तेलाचे दोन हात

"शिकाऊ? कोण शिकाऊ? मी?"

केरू तांडेल असा गरजला की सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे उडाले!

"चाळीस वर्षं होडी हाकतोय मी! माझ्या पायाखाली दर्या हलतो, पाय नाय हलत! उद्या या फळीवर उभा राहून काठाला येतो की नाय, बघाच!"

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरची. टॉम नावाचा एक गोरा पोरगा एसटीच्या टपावर भलीमोठी फळी बांधून आला आणि केरूच्या पडवीत उतरला. फळी कसली ते कुणालाच कळेना. कंडक्टर म्हणाला दार, शाळेतले मास्तर म्हणाले इस्त्रीचं टेबल. टॉम ती घेऊन पाण्यात शिरला, लाटेवर ताठ उभा राहिला आणि वरातीतल्या नवरदेवासारखा डुलत काठाला आला, तेव्हा अख्ख्या वाडीने तोंडात बोटं घातली.

टॉमचं बोलणं मराठीत आणायचं काम इद्रीसचं. तो सहा वर्षं कुवेतला राहून आलेला.

"केरूकाका, हा म्हणतो, वाळू मऊ, लाट लहान. शिकाऊ माणसाला असा किनारा शोधून मिळायचा नाय. तुमाला पण शिकवतो म्हणतो!"

त्या शब्दाने तांडेलाचं डोकं फिरलं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. नारळी पुनवेला वाडीचा पहिला नारळ होडीच्या टोकावर उभं राहून दर्याला सोडायचा मान अकरा वर्षं केरूचा. गेल्या पुनवेला मात्र एक आगाऊ लाट आली, केरूने होडीतच बसकण मारली आणि नारळ घरंगळत जाऊन वाडीतल्या दुसऱ्या तांडेलाच्या, सखारामच्या, पायाशी थांबला. तेव्हापासून सखाराम वाडीभर सांगत सुटला होता, "केरूचे पाय गेले रे! आता त्याला नारळ खोवायला द्या, सोडायला नको!"

आताही तो पुढे सरकला. "मग ठरलं, केरू! फळीवर उभा राहिलास तर पुनवेचा नारळ तुझा. नाय राहिलास तर माझा!"

"ठरलं!"

वाडीने माना डोलावल्या. असा तमाशा फुकट कुठे मिळतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉम पत्रं टाकायला रत्नागिरीत गेला. फळी पडवीत उभी होती. केरू अंगणात होडीला तेल लावत बसला होता. पावसाळ्याआधी होडी वर ओढायची, खरवडायची, माशाचं तेल चोळायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. होडी झाली. डब्यात तेल उरलं. केरूची नजर फळीवर गेली.

त्याने वरून हात फिरवला आणि त्याला शिसारीच आली. चिकट! खरखरीत! वरच्या अंगाला पांढरा मळ नुसता थापलेला!

"अगो गोदा, बघ गो! एवढी सातासमुद्रापलीकडची वस्तू, पण निगा म्हणून नाय! याच्या आईने याला काय शिकवलं?"

"मग तुमी करा की साफ," त्याची बायको चुलीपुढून म्हणाली. "पावना हाय आपला."

केरूने करवंटी घेतली आणि घासघासून सगळा मळ काढला. लिंबाएवढा गोळा निघाला. तो गोदाला दिला आणि फळीला खालून, वरून, कडेने तेलाचे दोन हात मारले. फळी अशी चमकली की केरूला तिच्यात स्वतःच्या मिशा दिसल्या!

"आता बघ कशी सुटते!" तो म्हणाला.

आणि सुटलीच की!

संध्याकाळी सगळी वाडी किनाऱ्यावर. टॉम अजून आला नव्हता, पण थांबतो कोण? केरू कमरेएवढ्या पाण्यात गेला, दर्याला हात जोडले, मागून येणारी लाट हेरली आणि फळीवर पालथा पडला. लाटेने उचललं. वाडी ओरडली, "उठ, केरू, उठ!"

केरूने एक पाय टेकला. तो पूर्वेला गेला. दुसरा टेकला, तो पश्चिमेला! धप्पकन पोटावर आपटून तांडेल फळीला पालीसारखा चिकटला आणि ती तेलकट फळी तोफेतून सुटल्यासारखी काठाकडे निघाली.

समोर गुडघाभर पाण्यात, कमरेवर हात ठेवून, खदाखदा हसत उभा होता सखाराम.

"बाजूला हो, मेल्या!"

"तूच हो!"

फळी नडगीवर बसली, सखाराम उडाला आणि बदकन केरूच्या पाठीवर येऊन बसला! घाबरून त्याने केरूचे कान धरले. असे दोघे वाळूत घुसले तेव्हा वाडीने काय पाहिलं? खाली तोंडात वाळू गेलेला केरू, आणि वर घोड्यावर बसल्यासारखा ताठ सखाराम!

"उभा कुणीच नाय राहिला," वाडीच्या म्हाताऱ्यांनी निवाडा दिला, "पण ताठ आला तो सखाराम!"

"अरे, पण हाकत होतो मी!" केरू वाळू थुंकत ओरडला.

"पालथं पडून?"

तेवढ्यात टॉम धावत आला. त्याने फळीवर हात फिरवला, हात हुंगला आणि कळवळून काहीतरी बोलला.

इद्रीस म्हणाला, "केरूकाका, हा विचारतो, मेण कुठं गेलं? पाय सरकू नये म्हणून लावतात ते!"

केरू एकदम दर्याकडे बघायला लागला.

नारळी पुनवेला वाजतगाजत नारळ सोडला तो सखारामने. केरू पोट दुखतंय म्हणून घरीच राहिला. पोट दुखणारा माणूस तीनदा नारळीभात वाढून घेऊन वर म्हणाला, "गोदा, जरा लोणचं दे."

गोदाने बरणी पुढे ठेवली. केरूने झाकण ओढलं. हलेना. बरणी मांडीत धरली, पाय भिंतीला लावला, दात खाल्ले. हलेना!

"काय लावलंस गो याला?"

"तुमी दिलेला तो गोळा! वितळवून लावला," गोदा म्हणाली. "बघा कसं धरतं! हे पायाखाली राहू दिलं असतंत, तर आज नारळ तुमच्या हातात असता."

केरूने बरणी खाली ठेवली आणि लोणच्याशिवायच चौथ्यांदा भात वाढून घेतला.