देवाजीकाकांची पाठ

देवाजीकाकांना निवाडा मागितला, की ते आधी तुमच्याकडे पाठ करतात. भांडण असो, लग्नाची तारीख असो. "तोंड पाह्यलं का मन घसरते," म्हणतात. एकदा डॉक्टरांनी विचारलं, गोळी देऊ की सुई? काका स्टुलावर गर्रकन फिरले. डॉक्टरांना ती बाजू सोयीची पडली, त्यांनी सुई टोचून टाकली.

गोंदिया जिल्ह्यात बोदलकशाच्या अलीकडे मालगुजारांच्या काळातला एक तलाव आहे. तिथल्या मासेमारांच्या सहकारी संस्थेचे काका सभासद. संस्था म्हणजे पाटी, खुर्ची आणि खुर्चीत पुढाऱ्याचा भाचा, असली नव्हे. इथे जाळ्याला ज्याचा हात तोच मालक. आधी ठेकेदार होता. चांगली मासळी गाडीत भरायचा, ओढणाऱ्यांना चिल्लर द्यायचा आणि वर उपकार केल्यासारखा हसायचा. बाराजणांनी मिळून त्याला हाकललं. मी चळवळीची पत्रकं लिहिते. अशी माणसं दिसली की माझ्या अंगातच येतं.

विकायची मासळी गेली, की घरच्या मासळीचे बारा वाटे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मांडतात. काका तलावाकडे तोंड करून बसतात. त्यांचा जोडीदार बुधराम एका वाट्याजवळ काठी टेकवतो, "हा कोनाचा?" काका न पाहता नाव घेतात. अध्यक्ष असो की जाळी विणणारी सीताबाई, येईल ते घ्यायचं. यावर मी पत्रक काढलं, 'पाठ फिरवलेली समता', फोटोसकट. काका म्हणाले, "पाठीचा फोटो कायले छापला? तोंड का वाईट हाय माहं?"

मग एक गोष्ट खुपली. मरळ दिवसाला एखादीच सापडते, आणि ती रोज सीताबाईच्याच वाट्याला. आठवडाभर डोळ्यात तेल घालून पाहिलं. त्या वाट्याजवळ काठी टेकवताना बुधराम खोकायचा. माझं डोकंच फिरलं. ठेकेदार निदान उघड लुटायचा.

"काका, ही लबाडी आहे. मी सभेत मांडणार."

काकांनी लगेच पाठ केली. "मांड."

"सगळ्यांना कळेल."

"सगळ्यायले मालूम हाय. तूच उशिरा आली. तिची पोरगी बाळंतीन हाय. अंगात रगत नाही, मरळीनं येते. मरळ घरी नेऊन देल्ली तं सीताबाईनं आंगनात फेकली. म्हने, मी भिकारीन नाही, सभासद हावो. वाट्यानं आली का हक्कानं नेते."

"पण नियम?"

"नियम आमीच केला ना वो बाई. ठेकेदारानं थोडीच केला."

सभेसाठी लिहिलेला कागद मी घडी घालून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी बुधराम गोंदियाला गेला. काकांनी काठी माझ्या हातात दिली. मरळीच्या वाट्याशी पोचले, तर खोकला येईना. बाकीचे मालक एकदम आभाळाकडे पाहू लागले, जणू तिथं काही पोहत होतं. शेवटी अशी खोकले, की काठावरचे बगळे उडाले.

"सीताबाईचा," काका म्हणाले.

सीताबाईनं मरळ टोपलीत टाकली आणि पाळीवरून चालू लागली. मी मागोमाग. वळणावर ती थांबली.

"बुधराम तुह्यापेक्षा बरा खोकलते."

मी पुन्हा एकदा खोकून दाखवलं.

"पोरगी बरी हाय आता. चालून फिरून राहिली."

"मग सांगू काकांना? आता मरळ नको म्हणून?"

"नोको वो बाई." तिनं टोपली दुसऱ्या कमरेवर घेतली. "देवाजीच्या अन् आमच्या घराची भितीले भीत हाय. एकटाच रायते तो. मरळ माह्या घरी गेली का त्या दिवशी बुडगा दोन घास जास्त जेवते."